केबिन बुक करण्याआधी आईला विचारा!

मुंबई-गोवा क्रूझची रील तुम्हीही पाहिली असेलच. डेकवर उभं राहून केस उडवायचे, मागे सूर्य मावळतोय, त्यावर एखादं ट्रेंडिंग गाणं. लाइक मारून आपण पुढे जातो. पण रूम कुठली घ्यायची, ती जहाजाच्या कुठल्या भागात असावी, कुणासोबत जाताना काय बघायचं, हे त्या तीस सेकंदांत कुणी सांगत नाही. मी ते चूक करून शिकले. ती चूक आणि त्यातून जमलेल्या टिप्स, दोन्ही इथे देतेय. उद्या तुम्ही मित्रांसोबत जा किंवा पहिल्या पगारातून घरच्यांना न्या, कामी येतील.

आमचा प्लॅन

आई-बाबांच्या लग्नाला यंदा फेब्रुवारीत २५ वर्षं झाली. ताई पुण्यात नोकरी करते, मी इंटर्नशिप. दोघींनी वर्षभर थोडे थोडे पैसे बाजूला टाकले आणि ठरवलं, त्यांना समुद्र दाखवायचा, तोही जहाजावरून. ताईला सुट्टी मिळाली नाही, म्हणून सोबत मी.

बाबांची पहिली प्रतिक्रिया अस्सल भंडाऱ्याची होती. "येवढा पैसा पान्यावर फिराले घालवाचा? आपल्या इथं का तलाव कमी आहेत?" मुद्दा बरोबर होता. तलावांचा जिल्हा म्हणूनच आपली ओळख आहे. पण बाबांनी समुद्र एकदाच, तोही जुहूच्या वाळूवर उभं राहून पाहिलेला. आईनं तर पाहिलाच नव्हता.

आईनं पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे २०२० चा पूर. ऑगस्टच्या शेवटी मध्य प्रदेशात धो धो पाऊस झाला, संजय सरोवर धरणातून पाणी सुटलं आणि वैनगंगा भंडाऱ्यात शिरली. आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. लाइट गेलेली. ती रात्र आम्ही शेजारच्यांच्या गच्चीवर काढली. काही दिसत नव्हतं, फक्त खालून पाण्याचा आवाज येत होता. तेव्हापासून पावसाळ्यात रात्री आवाज वाढला की आई उठून बसते.

म्हणून मी डोकं चालवलं. आईला पाण्याची भीती, तर तिला पाणी न दिसलेलं बरं. बिनखिडकीची रूम घेऊ. शिवाय तीच सगळ्यात स्वस्त. दोन्ही गणितं एकदम जुळली आणि मी खूश. सरप्राइज बिघडू नये म्हणून आईला काही विचारलं नाही. चूक झाली ती इथेच. पण आधी रूमचे प्रकार समजून घेऊ.

रूमचे चार प्रकार

जहाजावरच्या रूमला केबिन किंवा स्टेटरूम म्हणतात. कंपनी कुठलीही असो, मुख्य प्रकार चारच.

इनसाइड : खिडकीच नसते. रूम जहाजाच्या पोटात, दोन पॅसेजच्या मध्ये. लाइट बंद केला की दुपारी बारालाही मिट्ट काळोख. आकारानं आपल्या हॉस्टेलच्या डबल रूमएवढी, कधी त्याहूनही लहान. ज्यांना फक्त झोपायला आणि आंघोळीला रूम हवी, त्यांच्यासाठी एकदम पैसा वसूल. मित्रमैत्रिणींचा ग्रुप असेल तर दुसरं काही बघूच नका. दिवसभर तुम्ही बाहेरच असणार.

ओशन व्ह्यू : यात खिडकी असते. खालच्या मजल्यांवर गोल, वर गेलात तर मोठी चौकोनी. ती उघडत नाही, पण उजेड येतो आणि दिवस की रात्र ते कळतं. बुक करण्याआधी एक गोष्ट नक्की विचारा, खिडकीसमोर काही आडवं येतं का? काही मजल्यांवर लाइफबोटी बाहेर टांगलेल्या असतात. अशा रूम अर्धवट दृश्याच्या म्हणून थोड्या स्वस्तात विकतात. उजेडच हवा असेल तर ठीक, पण समुद्र बघायचा म्हणून घेतलीत तर समोर बोटीची पाठ.

बाल्कनी : सरकतं दार, बाहेर दोन खुर्च्या आणि खाली समुद्र. भाव त्याप्रमाणे वर जातो. घरातल्या कुणाचे गुडघे दुखत असतील, सारखं लिफ्टनं डेकवर जाणं जमणार नसेल, तर हे पैसे सार्थकी लागतात. दिवसभर स्विमिंग पूलमध्ये आणि रात्रभर डीजेवर असणाऱ्यांनी ही रूम घेतली, तर त्या खुर्च्यांवर फक्त ओले टॉवेल वाळतात.

सूट : बेडरूमसोबत बसायची जागा, मोठं बाथरूम, थोडे जास्त लाड. कॉलेजच्या बजेटमध्ये हा विषय इथेच संपवू.

आणखी एक शब्द दिसतो, गॅरंटी. म्हणजे प्रकार तुम्ही निवडायचा, रूम नंबर कंपनी ठरवणार. थोडे पैसे वाचतात, पण जागा नशिबावर. ग्रुपसाठी चालेल. घरातलं वयस्कर कुणी सोबत असेल, तर नंबर स्वतः निवडा.

खिडकीवरून वर्ग पडण्याची ही गोष्ट नवी नाही. पूर्वी मुंबईहून कोकणच्या बंदरांकडे प्रवासी बोटी जायच्या, तेव्हा बहुतेक मंडळी डेकच्या तिकिटावर, वळकटी पसरून, उघड्यावर रात्र काढायची. त्यांना वारा आणि चांदणं फुकट होतं! त्याच मार्गावर ऑक्टोबर २०१८ मध्ये कान्होजी आंग्रे यांच्या नावाची आठवण ठेवणारी 'आंग्रिया' सुरू झाली, ती पुढे बंद पडली. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' मुंबईहून सुटायला लागलं. हे जहाज १९९० साली बांधलेलं, आधी रॉयल कॅरिबियन कंपनीकडे होतं. वर्ष सांगायचं कारण असं, की जुन्या काळातल्या जहाजांवर बाल्कन्या कमी आणि बिनखिडकीच्या किंवा खिडकीच्या रूम जास्त असतात. नव्या जहाजांवर बाल्कन्यांच्या रांगाच्या रांगा. त्यामुळे परदेशी जहाजाची रील बघून आपल्या जहाजावर तसलीच रूम शोधू नका. ज्या जहाजाने जाणार, त्याचाच नकाशा उघडा.

एसटीची मागची सीट आठवा

रूमच्या प्रकाराइतकीच तिची जागा महत्त्वाची. लाल परीत शेवटच्या सीटवर बसून भंडारा ते पवनी केलंय कधी? प्रत्येक खड्ड्यात डोकं टपाला लागतं. तोच प्रवास मधल्या सीटवर बराच सुसह्य होतो. जहाजाचंही तसंच. लाटेवर जहाज सी-सॉसारखं पुढेमागे झुलतं. दोन्ही टोकं जास्त वरखाली होतात, मधला भाग कमी. उंच मजल्यांवर डोलणं जास्त जाणवतं, खाली कमी. म्हणून गाडी लागणाऱ्यांनी डोळे झाकून खालचा मजला आणि जहाजाचा मध्यभाग निवडावा. इथे पैसे जास्त लागतातच असं नाही, उलट खालचे मजले अनेकदा स्वस्त असतात.

दुसरी गोष्ट आवाज. प्रत्येक जहाजाचा मजल्यांचा नकाशा कंपनीच्या साइटवर असतो, त्याला डेक प्लॅन म्हणतात. आपली रूम कुठल्या मजल्यावर आहे ते बघा, मग तिच्या वरचा आणि खालचा मजला बघा. डोक्यावर पूल असेल, तर भल्या पहाटे खुर्च्या सरकवण्याचा आवाज. पायाखाली थिएटर किंवा डिस्को असेल, तर रात्री उशिरापर्यंत धाड धाड. अगदी पुढच्या टोकाला नांगराचा खडखडाट आणि मागच्या टोकाला इंजिनाची थरथर जाणवू शकते. वर रूम, खाली रूम, बाजूला रूम, अशी जागा सगळ्यात शांत. लिफ्टजवळची रूम आजी-आजोबांसाठी सोयीची, फक्त लिफ्टच्या अगदी समोर नको.

बाजूच्या रूमशी जोडणारं दार असलं, तर पलीकडचं बोलणंही ऐकू येतं. दोन रूम घेणाऱ्या कुटुंबाला हे दार म्हणजे सोय, बाकीच्यांना ताप. नकाशात त्याची खूण असते.

आमच्याबाबतीत मी हे सगळं काटेकोर केलं होतं. मध्यभाग, खालचा मजला, वर-खाली रूमच. अभ्यास पूर्ण, पेपर मात्र भलताच आला.

त्या रात्री काय झालं

पहिला दिवस छान गेला. जहाज सुटलं, मुंबईच्या इमारती लहान होत गेल्या. आई डेकवर कठडा घट्ट धरून उभी होती, पण उभी होती. बाबा आयुष्यात पहिल्यांदा तीन वेळा स्वीट घेऊन आले. मी मनात स्वतःची पाठ थोपटली.

रात्री अडीचच्या सुमारास मला जाग आली. मी वरच्या बर्थवर होते. खाली आई बसलेली होती. काळोखात काहीच दिसत नव्हतं, फक्त तिचा श्वास ऐकू येत होता. मी लाइट लावला. तिला घाम फुटला होता. ती एवढंच म्हणाली, "पानी कुठवर आलं, कायी समजून नाही राहिलं."

जहाज चालताना थोडं कुरकुरतं. भिंतींचे सांधे हलतात, कुठेतरी हँगर वाजतो. त्यात मिट्ट काळोख. माझ्या लक्षात आलं, की मी आईला त्याच रात्रीत परत नेऊन बसवलंय. अंधार, पाण्याचा अंदाज नाही, आणि बाहेर बघायला खिडकी नाही.

आम्ही तिघंही स्वेटर घालून वर डेकवर गेलो. चांदणं होतं. पाणी काळं होतं, पण दिसत होतं. जहाजाच्या कडेनं पांढरा फेस मागे पळत होता. आईनं बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "पानी दिसते तं भेव नाही लागत मले. दिसत नाही तवा लागते."

मी वर्षभर पैसे जमवले, आठवडाभर नकाशे पाहिले, रिव्ह्यू वाचले. पण हा एक प्रश्न आईला विचारला नाही. विचारला असता तर दोन मिनिटांत उत्तर मिळालं असतं.

सकाळी आमची रूम आवरायला येणाऱ्या दादांना मी विचारलं, खिडकीची रूम बदलून मिळेल का? जहाज भरलेलं होतं. तेच म्हणाले, "ताई, टीव्हीवर जहाजाच्या पुढच्या कॅमेऱ्याचा चॅनल आहे. आवाज बंद करून रात्रभर तोच चालू ठेवा." अनेक जहाजांवर असा चॅनल असतो. समोरचा समुद्र थेट दिसतो. रात्री स्क्रीन जवळजवळ काळीच असते, पण पहाट झाली की रूममध्येही पहाट होते. परदेशातल्या काही जहाजांवर तर बिनखिडकीच्या रूममध्ये मुद्दाम मोठा पडदा लावून बाहेरचं दृश्य दाखवतात. बाथरूमचा लाइट चालू ठेवून दार किंचित उघडं ठेवणं, हा त्यांचाच दुसरा सल्ला. उरलेल्या दोन रात्री आई झोपली. गाढ नाही, पण झोपली.

तेच दादा बोलता बोलता म्हणाले, की त्यांची स्वतःची रूम आमच्याही खालच्या मजल्यावर आहे, खिडकी नाही आणि एक रूममेट. जहाजावरचे बहुतेक कर्मचारी असेच राहतात, महिनोन् महिने, आठवड्याची सुट्टी नाही. हॉटेल मॅनेजमेंट करणाऱ्यांपैकी कुणाला क्रूझची नोकरी खुणावत असेल, तर पगारासोबत हेही विचारात घ्या. आणि प्रवासी म्हणून जाल, तेव्हा रूम आवरणाऱ्याला नावानं हाक मारा. आमची ट्रिप त्यांनी वाचवली.

उजवी बाजू की डावी?

खिडकी किंवा बाल्कनी घेणार असाल तर हा प्रश्न येतो. मुंबईहून गोव्याला जाताना जहाज दक्षिणेकडे जातं. म्हणजे डाव्या हाताला किनारा, उजव्या हाताला मोकळा समुद्र. सूर्य पश्चिमेला मावळतो, म्हणून जाताना सूर्यास्त उजव्या बाजूच्या रूममधून. परत येताना सगळं उलटं. डावीला पोर्ट आणि उजवीला स्टारबोर्ड म्हणतात, तोंड जहाजाच्या पुढच्या टोकाकडे करून. बुकिंगच्या नकाशात पुढचं टोक कुठलं ते आधी बघून घ्या. माझ्या मैत्रिणीनं नकाशा उलटा धरून बाल्कनी घेतली आणि तिचा सूर्यास्त परतीच्या दिवशी झाला.

इनसाइड घेणाऱ्यांनी वाईट वाटून घेऊ नका. सूर्यास्त डेकवरून सगळ्यांना सारखाच दिसतो, तिथे तिकिटाचा वर्ग नसतो.

जाहिरातीतला आकडा आणि खरा आकडा

आता पैशाचं. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत दिसणारा आकडा सहसा एका माणसाचा असतो, तोही एका रूममध्ये दोघं राहणार असं धरून. समजा तो १५ हजार आहे. दोघांचे झाले ३० हजार. त्यावर कर, बंदराचे शुल्क आणि बहुतेक ठिकाणी माणशी, रात्रीच्या हिशेबानं सेवा शुल्क. सगळं धरून शेवटच्या पानावर येतो तो खरा आकडा. दोन कंपन्या किंवा दोन तारखांची तुलना करायची तर शेवटच्या पानांची करा, जाहिरातींची नाही.

एकटे जाणार असाल, तर बहुतेक कंपन्या रिकाम्या बेडचे पैसेही लावतात. उलट एका रूममध्ये तिसरा आणि चौथा माणूस असेल, तर त्यांचं भाडं अनेकदा कमी असतं. वरचे बर्थ भिंतीतून उघडतात, आपल्या रेल्वेसारखे. चौघं मित्र एका रूममध्ये हे सगळ्यात स्वस्त, फक्त बाथरूम एकच आहे हे आधी मान्य करा. सकाळची भांडणं तिथेच होतात.

जेवण तिकिटात असतं, पण सगळं नाही. मुख्य रेस्टॉरंट आणि बुफे सहसा धरलेले असतात. खास रेस्टॉरंट, कोल्ड्रिंक, कॉफी शॉप, दारू, फोटो, स्पा आणि वायफाय यांचे पैसे बहुधा वेगळे. जहाजावर रोख चालत नाही. रूमचं कार्डच सगळीकडे टेकवायचं आणि हिशेब शेवटी. कार्ड टेकवताना खर्च जाणवत नाही, हीच त्यातली गंमत. रोज रात्री रिसेप्शनवर किंवा टीव्हीवर बिल बघायची सवय ठेवा.

भंडाऱ्याहून निघताना

जहाज कुणासाठी थांबत नाही. आपल्याकडून वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवर विदर्भ एक्स्प्रेस दुपारी पकडली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी सीएसएमटी. तिथून बॅलार्ड पिअरचा क्रूझ धक्का टॅक्सीने जवळच. बोर्डिंग साधारण दुपारी, म्हणजे कागदावर वेळ भरपूर. पण गाडी लेट झाली तर? आम्ही एक दिवस आधी पोहोचलो आणि नातेवाइकांकडे राहिलो. जमत असेल तर हेच करा. एक लक्षात ठेवा, क्रूझ काही महिने आधी बुक करता येते, रेल्वेचं रिझर्व्हेशन मात्र आता ६० दिवस आधीच उघडतं. तो दिवस मोबाइलमध्ये टाकून ठेवा.

मुंबई-गोवासारख्या देशातल्या सफरीला आधारसारखं सरकारी ओळखपत्र लागतं. जहाज श्रीलंकेला किंवा इतर कुठल्या देशाला जाणार असेल तर पासपोर्ट हवाच. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, म्हणून मुंबईहूनच्या सफरी साधारण ऑक्टोबर ते मेच्या दरम्यान बघाव्यात. पहिलीच वेळ असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम, समुद्र शांत असतो.

मोठ्या बॅगा धक्क्यावरच घेतात आणि रूममध्ये काही तासांनी पोहोचवतात. म्हणून औषधं, चार्जर, एक जोडी कपडे आणि पोहायचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. बाकी सगळे बॅगेची वाट बघत असतात, तेव्हा तुम्ही पूलमध्ये! पूलसाठी नायलॉनचा कॉश्च्युम लागतो, टी-शर्ट-बर्म्युडा चालेलच असं नाही. इस्त्री, केटल आणि एक्स्टेंशन बोर्ड आगीच्या धोक्यामुळे बहुतेक जहाजांवर बंद आहेत. सुरक्षा तपासणीत काढून घेतात, आईची चहाची केटल नेऊ नका. भिंती बहुधा लोखंडी असतात, त्यामुळे लोहचुंबकाचे दोन-चार हुक नेले तर लहान रूममध्ये टॉवेल आणि टोप्या टांगायची सोय होते. आणि बाथरूमला उंच उंबरा असतो. पहिल्या दिवशी सगळेच ठेचकाळतात.

चढल्यावर सगळ्यात आधी

सुरक्षेचं ड्रिल चुकवू नका. सेल्फीच्या नादात अनेक जण कंटाळा करतात. भोंग्याचे सात छोटे आणि एक मोठा आवाज म्हणजे ठरलेल्या जागी जमा व्हायचं. आपली ती जागा कुठली, लाइफ जॅकेट कुठे, रूममधून तिथवर जिना कुठला, हे स्वतः चालून बघा. १३ जानेवारी २०१२ ला इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळून ३२ जण गेले. त्याच दिवशी चढलेल्या अनेक प्रवाशांचं ड्रिल तेव्हा झालेलंच नव्हतं. त्यानंतर नियम बदलला आणि आता ते जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यावं लागतं. आपल्याकडेही १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेहून जास्त माणसं गेली होती. घाबरवायला नाही सांगत. आजची जहाजं खूप सुरक्षित आहेत, ती याच धड्यांमुळे.

आमच्या आईसाठी हे ड्रिल औषधासारखं ठरलं. "इथून निघाचं, इथं याचं," असं तिनं बोटांवर मोजून पाठ केलं आणि बाबांचीही परीक्षा घेतली.

मजा करायची तर

मळमळ : लागण्याआधी उपाय करा. गाडी लागत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी निघण्याआधी घ्या, काही गोळ्यांनी झोप येते. मळमळायला लागलं तर रूममध्ये पडून मोबाइल बघू नका. डेकवर मोकळ्या हवेत या, दूर क्षितिजाकडे बघा. कोरडं बिस्कीट, आल्याचा तुकडा बरा वाटतो. उपाशी राहू नका आणि बुफेवर तुटूनही पडू नका.

फोन : जहाज किनाऱ्यापासून दूर गेलं की एअरप्लेन मोड लावा. जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क चुकून पकडलं, तर बिल बघून समुद्रातच उडी मारावी वाटेल. ग्रुपनं भेटायची वेळ आणि जागा आधीच ठरवा. आई-बाबांच्या काळात जत्रेत ठरवायचे तशी.

गर्दी : जेवणाच्या पहिल्या अर्ध्या तासात बुफेला रांग असते. थोडं थांबून जा. पूल सकाळी लवकर रिकामा, शो बघायचा तर पंधरा मिनिटं आधी. रोजच्या कार्यक्रमांचा कागद मिळतो, त्यातल्या तीनच गोष्टींवर खूण करा. सगळं करायला गेलात तर फक्त जिने चढाल.

गोवा : जहाज वास्कोजवळ मुरगाव बंदरात लागतं. परत चढायची शेवटची वेळ लिहून घ्या आणि तासभर आधी या. टॅक्सी ट्रॅफिकमध्ये अडकली हे कारण जहाजाला सांगता येत नाही.

पहाट : ही माझी सगळ्यात आवडती टिप. एक दिवस साडेपाचला उठून डेकवर जा. गाणी बंद, माणसं तुरळक, फक्त पाण्याचा आवाज. आई तिसऱ्या दिवशी मला न उठवताच गेली होती. मी शोधत वर गेले तर ती एकटीच उभी. कठडा धरला नव्हता.

आधी आंभोऱ्याला जाऊन या

क्रूझचं बजेट आत्ता नसेल तर हरकत नाही. पाण्यावर आपल्याला काय वाटतं, हे कळायला समुद्रच लागतो असं नाही. आंभोऱ्याला पाच नद्यांचा संगम आणि वैनगंगेवरचा नवा केबलचा पूल आहे. गोसीखुर्दच्या अथांग पाण्याकाठी एक संध्याकाळ घालवा. मोठं पाणी बघून आपल्या माणसांच्या चेहऱ्यावर काय येतं, ते बघा. कुणाला वारा आवडतो, कुणाला चक्कर येते, कुणी काठाजवळ येतच नाही. केबिन निवडायला तेवढी माहिती नकाशापेक्षा जास्त कामाची.

पुढच्या वेळी मी काय करेन? ग्रुपसोबत असेन तर पुन्हा इनसाइड, खालचा मजला, मध्यभाग. आई-बाबांसोबत असेन तर एक रात्र कमी करेन, पण खिडकी घेईन. आणि सरप्राइज दुसऱ्या कशाचं तरी देईन.

घरी आल्यावर शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, समुद्र कसा होता. आई म्हणाली, "आपल्या नदीसारखाच. फक्त पलीकडचा काठ दिसत नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आन् पुढच्या बारी खिडकी पाह्यजे बाप्पा."

बुक करण्याआधी विचारायचे सहा प्रश्न

१. रूममध्ये कोण झोपणार? त्यांना अंधार, बंद जागा, उंची किंवा पाण्याची भीती आहे का?

२. दिवसातले किती तास रूममध्ये जाणार? कमी असतील तर इनसाइड पुरे.

३. कुणाला गाडी लागते का? लागत असेल तर खालचा मजला आणि जहाजाचा मध्यभाग.

४. रूमच्या वर आणि खाली काय आहे? खिडकीसमोर लाइफबोट येते का?

५. कर, बंदर शुल्क आणि सेवा शुल्क धरून सगळ्यांचे मिळून किती?

६. रद्द केलं तर कुठल्या तारखेपर्यंत किती पैसे परत? परीक्षेचं टाइमटेबल बघूनच तारीख घ्या, ते ऐनवेळी बदलतं हे आपल्याला नव्यानं सांगायला नको!